डाल्मेशियाच्या बेटांमधून छोट्या जहाजाने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्रोएशियाच्या दक्षिण किनाऱ्याला डाल्मेशिया म्हणतात. स्प्लिट आणि डुब्रोवनिक या दोन शहरांच्या मधली बेटं आठवडाभरात छोट्या जहाजाने फिरता येतात. या सहलीबद्दल ओळखीचे-अनोळखी लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा पाठवतात, ते इथे एकत्र केले आहेत. सुरुवातीला प्राथमिक प्रश्न आहेत, अडचणीचे आणि अपवादाचे पुढे येतात. एका उत्तरात सांगितलेलं दुसरीकडे परत सांगितलेलं नाही. तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. छोटं जहाज म्हणजे नेमकं केवढं? मोठ्या क्रूझपेक्षा त्यात वेगळं काय?

साधारण चाळीस-पन्नास मीटर लांबीचं, पंधरा ते वीस केबिनचं, तीस-चाळीस प्रवाशांचं जहाज. कप्तान, खलाशी, स्वयंपाकी आणि वाढपी मिळून सात-आठ जण. बरीच जहाजं कुटुंबाच्या मालकीची असतात आणि कप्तान पुष्कळदा त्या घरातलाच असतो. जहाजावर नाट्यगृह, कॅसिनो, दुकानं यांतलं काही नसतं. एक जेवणाची खोली, वर उन्हाचा डेक आणि मागे पाण्यात उतरायची शिडी, एवढंच.

खरा फरक मुक्कामाचा आहे. हजारो प्रवाशांचं जहाज डुब्रोवनिकला सकाळी येतं आणि संध्याकाळी निघून जातं. छोटं जहाज रात्री गावाच्या धक्क्यालाच बांधलेलं असतं. दिवसाची गर्दी ओसरली की गावातली माणसं बाहेर येतात, चौकात मुलं फुटबॉल खेळतात, म्हातारी माणसं बाकांवर गप्पा मारत बसतात. ते गाव तुम्हाला पाहायला मिळतं. माझ्या मते या सहलीचे पैसे त्या संध्याकाळींसाठी मोजायचे असतात. जहाजावरच्या चैनीसाठी मोजत असाल, तर मोठी क्रूझ घेतलेली बरी.

२. दिवस कसा जातो?

पहाटे किंवा सकाळी लवकर इंजिन सुरू होतं. न्याहारी होईपर्यंत जहाज एखाद्या निवांत खाडीत नांगर टाकतं आणि ज्यांना पोहायचं ते पोहतात. दुपारी जहाजावरच जेवण. दुपार उलटली की पुढच्या गावाला लागायचं. तिथे मोकळा वेळ, कधी गाइडबरोबर फेरी, आणि रात्रीचं जेवण आपलं आपण गावात. बहुतेक जहाजांवर न्याहारी आणि दुपारचं जेवणच भाड्यात असतं. एका रात्री 'कॅप्टन्स डिनर' असतं, तेवढं जहाजावर.

धक्क्याला लागतानाचा प्रकार आधी माहीत असावा. ह्वार, कोर्चुला, मकार्स्का इथे उन्हाळ्यात जागा कमी आणि जहाजं जास्त. त्यामुळे तीन-चार जहाजं एकमेकांना चिकटवून बांधतात. तुमचं जहाज सगळ्यात बाहेरचं असेल, तर गावात जायला आधी शेजारच्या जहाजाचा कठडा ओलांडायचा, त्यांच्या जेवणाच्या खोलीतून किंवा डेकवरून पलीकडे जायचं, मग पुढचं जहाज, आणि शेवटी फळीवरून धक्क्यावर. मधल्या फटीत रबरी फेंडर करकरत असतात, खाली काळं पाणी हलत असतं. खलाशी हात द्यायला उभे असतात. त्यांचा हात घ्यायचा, हातात मोबाइल किंवा आइस्क्रीम ठेवायचं नाही. ज्यांना खिडकीतून समुद्र बघायचा असतो त्यांची इथे निराशा होते, कारण रात्री पडदा उघडला की समोर दुसऱ्या जहाजाची खिडकी असते.

३. स्प्लिटहून डुब्रोवनिकला जाणारी सहल घ्यावी की स्प्लिटला परत येणारी?

पहिल्यांदा जात असाल तर एकतर्फी घ्या. परतीच्या सहलीत तेच पाणी दुसऱ्यांदा कापावं लागतं आणि डुब्रोवनिक एका मुक्कामात उरकलं जातं. एकतर्फीत जाताना स्प्लिटला एक-दोन रात्री आणि शेवटी डुब्रोवनिकला दोन रात्री हॉटेलात राहता येतं. विमानाचं तिकीटही तसंच काढायचं: जाताना स्प्लिट, येताना डुब्रोवनिक. मुंबईहून दोन्हीकडे थेट विमान नाही. इस्तंबूल, दोहा, फ्रँकफर्ट अशा ठिकाणी बदलावं लागतं.

बहुतेक जहाजं शनिवारी निघतात आणि पुढच्या शनिवारी सकाळी उतरवतात. शुक्रवारीच स्प्लिटला पोचा. विमान चुकलं किंवा सामान मागे राहिलं, तर एक दिवस हाताशी असतो. जहाज तुमच्यासाठी थांबत नाही.

परतीच्या तिकिटामुळे डुब्रोवनिकहून स्प्लिटला बसने यावं लागणार असेल, तर प्रश्न ८ आधी वाचा.

४. मार्गावर एवढी बेटं आहेत. वेळ कशाला द्यावा?

सगळीकडे सारखा वेळ द्यायला जाल तर काहीच नीट पाहून होणार नाही. माझी पसंती सांगतो.

ब्राचवर बोलजवळचा झ्लातनी रात हा समुद्रात शिरलेला जिभेच्या आकाराचा किनारा फोटोंत भरपूर दिसतो. तो पाहून झाला की जहाज पुचिश्चाला थांबणार असेल तर तिथे पाय मोकळे करा. गाव पांढऱ्या चुनखडी दगडाचं आहे आणि तिथे पाथरवटांची शाळा आहे. मुलं अजून छिन्नी-हातोड्यानं दगड घडवायला शिकतात. स्प्लिटमधल्या डायोक्लेशियन या रोमन सम्राटाच्या राजवाड्याला याच बेटाचा दगड लागला. तो राजवाडा इसवी सन 305 च्या सुमाराचा, आणि आजही त्याच्या भिंतींच्या आत लोक राहतात, दोरीवर कपडे वाळत घालतात.

ह्वार म्हणजे रात्रीचे बार, अशी त्याची ख्याती झाली आहे. ती अपुरी आहे. बेटाच्या दुसऱ्या बाजूला स्तारी ग्राद आहे. इसवी सनपूर्व 384 मध्ये पारोस बेटावरून आलेल्या ग्रीकांनी तिथे शेतजमिनीचे जे तुकडे पाडले, त्यांचे दगडी बांध अजून टिकून आहेत आणि त्यांत आजही द्राक्षं आणि ऑलिव्ह पिकतात. 2008 पासून ते जागतिक वारसास्थळ आहे. सायकल भाड्याने मिळते, जमीन सपाट आहे, दोन तास पुरतात. ह्वार गावातच थांबणार असाल तर संध्याकाळी वरच्या किल्ल्यावर चढा. समोरची पाक्लेनी बेटं तिथून एका नजरेत येतात.

कोर्चुलाचं जुनं गाव माशाच्या काट्यासारखं आखलेलं आहे. पश्चिमेकडच्या गल्ल्या सरळ, म्हणजे उन्हाळ्यातला गार वारा आत यावा. पूर्वेकडच्या किंचित वळलेल्या, म्हणजे हिवाळ्यातला बोचरा वारा अडावा. मार्को पोलो इथलाच, असं गावकरी ठामपणे सांगतात, पण त्याला भक्कम पुरावा नाही. उन्हाळ्यात मोरेश्का हा तलवारींचा नाच होतो. तुमच्या मुक्कामाच्या रात्री असला तर सोडू नका. खऱ्या तलवारी खणाखण आपटतात, ठिणग्या उडतात.

म्ल्येतला मी सगळ्यात जास्त वेळ देईन. पश्चिम टोकाचा भाग 1960 पासून राष्ट्रीय उद्यान आहे. पाइनच्या जंगलात खाऱ्या पाण्याची दोन तळी, मोठ्या तळ्यात एक छोटं बेट आणि त्यावर बाराव्या शतकातला बेनेडिक्टिन मठ. बेटावर नावेने सोडतात. या जंगलात मुंगूस दिसलं तर दचकू नका, ते मूळ आपल्याकडचं आहे. विषारी साप फार झाले म्हणून 1910 मध्ये इथे भारतीय मुंगूस आणून सोडली. साप कमी झाले, पण मुंगसांनी नंतर पक्ष्यांकडे मोर्चा वळवला आणि तो प्रश्न अजून सुटलेला नाही.

डुब्रोवनिकची तटबंदी 1,940 मीटर लांब आहे. सकाळी दार उघडताच चढा, अकरानंतर दगड तापतो. तिकीट चाळीस युरोंच्या आसपास, म्हणजे महागच, तरी काढा. वरून कौलं नीट बघा. बहुतेक नव्या लाल रंगाची आहेत, मध्येच जुनी फिकट. ऑक्टोबर 1991 ते मे 1992 या काळात युगोस्लाव्ह सैन्याने घातलेल्या वेढ्यात तोफगोळ्यांनी जी छपरं फुटली, ती परत घातली आहेत. शहराचा रक्षक संत व्लाहो, म्हणजे सेंट ब्लेझ. ओल्ड गोव्याजवळच्या गवंडाळीत त्याच संताचं चर्च आहे, आणि मसाल्याच्या व्यापारासाठी गोव्यात आलेल्या डुब्रोवनिककरांशी त्याचा संबंध जोडला जातो.

५. मुलांना मे महिन्यातच सुट्टी असते. मे चालेल का? आणि दिवाळीत?

मे चालेल, पण पोहणं हा मुख्य हेतू नसेल तर. हवा छान, गर्दी कमी, डोंगर हिरवे. पाणी मात्र अठरा-वीस अंशांचं असतं. कोकणच्या समुद्राची सवय असलेल्यांना ते बर्फासारखं लागतं. जून मध्यापासून पाणी सुसह्य होतं. जुलै-ऑगस्टमध्ये ते चोवीस-पंचवीस अंशांवर जातं, पण तेव्हा निम्मा युरोप सुट्टीवर असतो आणि भाडीही चढतात.

माझ्या मते सप्टेंबरचे पहिले तीन आठवडे सर्वांत चांगले. पाणी अजून कोमट, द्राक्षतोडणी चालू, गर्दी ओसरलेली. गणपती कधी आहेत तेवढं पाहून तारीख धरा. दिवाळीचा नाद सोडा. ऑक्टोबरअखेर बहुतेक जहाजं बंद होतात आणि गावातली उपाहारगृहंही.

६. ग्रीस किंवा तुर्कस्तान का नको?

दोन्ही चांगले आहेत, पण प्रकार वेगळा आहे. ग्रीसच्या सायक्लडीस बेटांमध्ये समुद्र उघडा आहे आणि जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी हा उत्तरेचा वारा दिवसचे दिवस जोरात वाहतो. ज्यांना बोट लागते त्यांना तो सोसत नाही. तुर्कस्तानात बोद्रुम, फेतिये भागात गुलेत नावाच्या लाकडी नौका असतात. त्यांवर माणसं कमी आणि मुक्काम पुष्कळदा खाडीतच, गावात नाही. शांतता हवी असेल तर गुलेत उत्तम. डाल्मेशियात बेटं किनाऱ्याला समांतर रांगेत असल्याने पाणी बरंच आडोशाचं आणि रोज नवं गाव मिळतं. पहिल्या खेपेला म्हणूनच मी क्रोएशिया सुचवतो.

७. व्हिसा कुठला लागतो? जहाजावर राहणार तर हॉटेलचं बुकिंग कुठून दाखवायचं?

क्रोएशिया 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा पुरतो. त्याआधीच्या लेखांमध्ये क्रोएशियाच्या वेगळ्या व्हिसाबद्दल लिहिलेलं असतं, ते आता लागू नाही. युरोपात सर्वांत जास्त दिवस क्रोएशियात असाल तर अर्ज क्रोएशियाकडेच करायचा. फ्रँकफर्टला फक्त विमान बदललं म्हणून जर्मनीकडे नाही. इटलीत सात दिवस आणि क्रोएशियात पाच, असं असेल तर अर्ज इटलीकडे.

अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. नियमाने पंधरा दिवस आधी चालतो, पण उन्हाळ्यात भेटीची वेळ मिळायलाच आठवडे जातात. प्रौढांसाठी शुल्क 90 युरो, अर्ज घेणाऱ्या केंद्राचं शुल्क वेगळं. वैद्यकीय विमा किमान 30,000 युरोंचा. पासपोर्ट परतीच्या तारखेनंतर तीन महिने तरी वैध, दहा वर्षांच्या आत काढलेला आणि दोन पानं कोरी हवीत.

जहाजाच्या रात्रींसाठी कंपनीचं व्हाउचर चालतं. त्यावर जहाजाचं नाव, प्रत्येक प्रवाशाचं पासपोर्टप्रमाणे नाव, चढण्याची-उतरण्याची तारीख आणि रोजचं बंदर लिहून घ्या. नुसती पैसे भरल्याची पावती पुरत नाही. जहाजाच्या आधीच्या आणि नंतरच्या रात्रींचं हॉटेल विसरू नका. मधली एक रात्र जरी रिकामी दिसली तरी विचारणा होते.

८. आमच्या कार्यक्रमात कोतोर आहे. आणि बस बोस्नियातून जाते म्हणतात. व्हिसा कोणता काढू?

हा प्रश्न नीट समजून घ्या, इथे लोक अडकतात. कोतोर माँटेनेग्रोत आहे आणि माँटेनेग्रो शेंगेनमध्ये नाही. तिथे गेलात की तुम्ही शेंगेनबाहेर पडलात. परत क्रोएशियात यायला दुसरा प्रवेश लागतो. व्हिसा एकाच प्रवेशाचा असेल तर कोतोरला उतरू नका. वैध शेंगेन व्हिसावर भारतीयांना माँटेनेग्रोत थोड्या दिवसांसाठी जाता येतं, पण तो नियम त्या देशाचा आहे. निघण्याआधी त्यांच्या परराष्ट्र खात्याच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. अर्ज करतानाच अनेक प्रवेशांचा व्हिसा मागा आणि कार्यक्रमात कोतोर स्पष्ट दाखवा.

बसचं म्हणाल, तर डुब्रोवनिकचा भाग उरलेल्या क्रोएशियापासून जमिनीवरून तुटलेला आहे. मध्ये न्यूम गावापाशी बोस्नियाची समुद्राला लागलेली अरुंद पट्टी येते. जुलै 2022 मध्ये पेल्येशात्स पूल सुरू झाल्यापासून ती टाळून जाता येतं. तिकीट काढतानाच बस पुलावरून जाते का, हे विचारा. न्यूममार्गे जाणारी असेल तर एका प्रवेशाच्या व्हिसावर त्या बसमध्ये बसू नका. उन्हाळ्यात स्प्लिट आणि डुब्रोवनिकमध्ये जलद प्रवासी बोटी असतात, तो सर्वांत निर्धास्त मार्ग.

९. भाड्यात काय धरलेलं नसतं?

बंदर शुल्क आणि पर्यटन कर बहुतेक वेळा जहाजावर रोख भरावे लागतात. जहाजावरची पेयं वेगळी, अगदी पाण्याची बाटलीही, आणि बाहेरची पेयं आणायला सहसा मनाई असते. करारात ते लिहिलेलं असतं, पण बारीक अक्षरात. गावातली रात्रीची जेवणं, म्ल्येतच्या उद्यानाचं तिकीट, गाइडच्या फेऱ्या आणि शेवटी खलाशांची बक्षिसी हेही धरा. बक्षिसी माणशी दिवसाला साधारण पाच ते दहा युरो, सगळ्यांची मिळून एका पाकिटात देतात.

मूळ भाडं जहाजाच्या दर्जावर आणि महिन्यावर ठरतं: साध्या जुन्या जहाजावर आठवड्याला माणशी हजार युरोंच्या आसपास, नव्या जहाजावर दुप्पट किंवा त्याहून जास्त. एकटं जाणाऱ्याला केबिनचा जादा आकार पडतो. भारतातल्या एजंटकडून पॅकेज घेतलं तर टीसीएस, म्हणजे आयकराची आगाऊ वसुली, वर भरावा लागतो. तो विवरणपत्रात वळता करून घ्या.

१०. केबिन खालची घ्यावी की वरची?

खालच्या डेकवरच्या केबिन स्वस्त असतात. खिडकी म्हणजे गोल काच, चालत्या जहाजात ती उघडायची नाही, आणि इंजिनाचा आवाज पहाटे अंथरुणातच ऐकू येतो. वरच्या, म्हणजे मुख्य डेकवरच्या केबिनचं दार थेट डेकवर उघडतं. उजेड आणि हवा भरपूर, पण लोकांची येजा चालू राहते. हेलकावे मात्र खाली आणि मध्यभागी कमी लागतात. ज्यांना बोट लागते त्यांनी पैसे वाचवून खालची, मधली केबिन घ्यावी. बाकीच्यांनी झेपत असेल तर मुख्य डेकवरची.

मोठी सूटकेस नेऊ नका. पलंगाखाली मावेल अशी मऊ बॅग न्या. वीज आपल्याकडच्यासारखीच 230 व्होल्ट, पण प्लग दोन गोल पिनांचा. जुन्या जहाजांवर रात्री जनरेटर बंद करतात, म्हणजे वातानुकूलनही बंद. श्वासाचं मशीन लावून झोपणाऱ्यांनी हे बुकिंगच्या आधी लेखी विचारावं.

११. आम्ही शुद्ध शाकाहारी आहोत. आठवडाभर काय खाणार?

उपाशी राहणार नाही, पण तयारी तुम्हालाच करावी लागेल. जहाजाच्या स्वयंपाकघरात एक, फार तर दोन माणसं असतात आणि आठवड्याचा बराच किराणा निघण्यापूर्वीच भरला जातो. चढल्यावर सांगून उपयोग नाही. किमान महिनाभर आधी लिहून कळवा आणि निघायच्या आठवड्यात पुन्हा आठवण करा.

नुसतं 'व्हेजिटेरियन' लिहू नका. तिथे पुष्कळांच्या लेखी मासे शाकाहारात बसतात, आणि सूप-रिसोटोला माशाचं किंवा मटणाचं पाणी असतं. काय चालत नाही ते एकेक लिहा: मटण नाही, मासे नाहीत, अंडं नाही, माशाच्या पाण्यात शिजवलेला भात नाही. गावात सांगायला 'बेझ मेसा, बेझ रिबे, बेझ याया' एवढं पुरतं: मटण, मासे, अंडी वगळून.

मिळतं काय, तर ब्लित्वा नावाची पालेभाजी बटाटे, लसूण आणि ऑलिव्ह तेलात परतलेली. ती खरंच चविष्ट असते. सोपार्निक ही त्याच भाजीची भरलेली पातळ पोळी स्प्लिटच्या बाजारात ताजी मिळते. भाजलेल्या भाज्या, टोमॅटोचा पास्ता, पिझ्झा, अंजिरं, द्राक्षं. काळा रिसोटो दिसला तर तो माकुलाच्या शाईचा असतो. कांदा-लसूण न खाणाऱ्यांची अडचण खरी आहे. त्यांनी न्याहारी आणि फळांवर भर धरून बाकीचं प्रश्न १२ प्रमाणे सोबत न्यावं.

१२. घरून खाणं नेलं तर चालेल का? तूप, पेढे, हापूस?

थेपले, खाकरे, चिवडा, चकल्या, मेतकूट, कोरड्या चटण्या खुशाल न्या. तूप, पेढे, बर्फी, पनीर, दुधाची पावडर नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्याला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आत आणायला बंदी आहे. तान्ह्या बाळाच्या दुधाच्या पावडरीला ठरावीक वजनापर्यंत सूट आहे. हापूसही नाही. ताजी फळं-भाज्या वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. केळं, नारळ, अननस, खजूर अशी मोजकी फळं अपवाद आहेत. कढीपत्त्याची जुडीही त्याच नियमात अडकते.

जहाजावर केबिनमध्ये किटली किंवा इंडक्शन लावायला परवानगी नसते, आगीच्या धोक्यामुळे. गरम पाणी मागितलं की स्वयंपाकघरातून देतात.

१३. मला पोहता येत नाही. पैसे वाया जातील का?

नाही. लाइफ जॅकेट घालून शिडीवरून उतरायचं, शिडी धरून पाण्यात राहायचं, खलाशाला आधी सांगून ठेवायचं. नांगर टाकतात तिथे मात्र पाणी खोल असतं, पाय टेकत नाहीत. ज्यांना उथळ पाणी हवं त्यांनी गावातल्या किनाऱ्यावर उतरावं. लोपुड बेटावरच्या शुन्य (Šunj) नावाच्या खाडीत वाळू आहे आणि पाणी बरंच आतपर्यंत कंबरेएवढंच. बाकी बहुतेक किनारे खड्यांचे किंवा खडकांचे असतात आणि खडकांत सी अर्चिनचे काळे काटेरी गोळे दबा धरून बसलेले असतात. रबरी बूट घ्याच. काटा तळव्यात मोडला तर पुढचे दोन दिवस चालणं अवघड होतं.

पोहण्याच्या कपड्यांत गावात हिंडू नका. ह्वार आणि स्प्लिटमध्ये त्याला दंड आहे.

१४. बोट लागते का?

जून ते सप्टेंबरमध्ये सहसा नाही, कारण प्रश्न ६ मध्ये सांगितला आहे. उन्हाळ्यात दुपारी वायव्येचा मास्त्राल सुटतो, तो सुखाचा. त्रास देतो तो आग्नेयेकडून येणारा युगो: दोन-तीन दिवस ढग, दमट हवा आणि लांब लाटा. मे आणि ऑक्टोबरमध्ये त्याची शक्यता जास्त. ईशान्येची बुरा कोरडी आणि अचानक येते, तिचा खरा जोर हिवाळ्यात. व्हिस आणि लास्तोवो या बेटांकडचं पाणी जास्त उघडं आहे. गोळी डॉक्टरांना विचारून घ्यायची आणि जहाज हलायच्या अर्धा-एक तास आधी. उलटी सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग नाही.

१५. आई-बाबा सत्तरीच्या पुढचे आहेत, आईचे गुडघे दुखतात. नेऊ का?

आईला आधाराशिवाय दोन मजले चढता-उतरता येतात का, ते पाहा. जहाजावर लिफ्ट नसते, जिने उभे आणि अरुंद असतात, आणि जहाजावरून जहाजावर जाणं (प्रश्न २) चुकत नाही. गावांमधले दगड शतकानुशतकांच्या पावलांनी गुळगुळीत झाले आहेत, पावसात ते घसरतात. व्हीलचेअरवरच्या व्यक्तीसाठी ही सहल योग्य नाही, आणि असं स्पष्ट न सांगणाऱ्या विक्रेत्यावर विश्वास ठेवू नका. गुडघे जेमतेम असतील तर मुख्य डेकवरची केबिन घ्या, म्हणजे जेवणाची खोली त्याच मजल्यावर येते. किल्ले-तटबंदी सोडा, म्ल्येतची तळी आणि संध्याकाळचे चौक त्यांना पुरेसे होतील.

नेहमीची औषधं दोन जागी विभागून, चिठ्ठीसह न्या. मोठं रुग्णालय स्प्लिट आणि डुब्रोवनिकला आहे, बेटांवर दवाखाने छोटे. विम्यात जहाजावरचा प्रवास आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे पॉलिसीत वाचा. तातडीचा क्रमांक 112.

१६. लहान मुलांना घेतात का?

सगळी जहाजं घेत नाहीत. काहींवर वयाची अट असते, काही आठवडे खास कुटुंबांसाठी असतात. चालायला नुकतंच शिकलेल्या मुलासाठी कठडे आणि जिने धोक्याचे आहेत. आठ-दहा वर्षांच्या पोहणाऱ्या मुलांना यापेक्षा चांगली सुट्टी क्वचित मिळेल.

१७. निळी गुहा कार्यक्रमात लिहिली आहे. दिसेलच ना?

हमी नाही. व्हिसजवळच्या बिशेवो बेटावरच्या या गुहेत सूर्याचा प्रकाश पाण्याखालच्या भोकातून आत येतो आणि पाणी निळ्या उजेडाने भरून जातं. सकाळी अकरा-बाराच्या सुमाराला तो सर्वांत चांगला दिसतो. आत शिरायचं तोंड इतकं बुटकं आहे की छोट्या होडीत डोकं खाली घालून जावं लागतं. थोडी लाट असली तरी गुहा बंद. आत पोहू देत नाहीत आणि ऐन मोसमात ताटकळावं लागतं. गुहा बंद असली तरी व्हिस बेट वाया जात नाही. युगोस्लाव्हियाचा लष्करी तळ असल्याने ते 1989 पर्यंत परदेशी पर्यटकांना बंद होतं, त्यामुळे तिथे हॉटेलांची गर्दी झालीच नाही.

१८. कप्तानाने एखादं बेट गाळलं तर पैसे परत मिळतात का?

हवामानामुळे गाळलं असेल तर सहसा नाही. मार्ग बदलण्याचा अधिकार कप्तानाला करारातच दिलेला असतो आणि तो असायलाच हवा. वारा पाहून त्याने खाडीत थांबायचं ठरवलं, तर त्याच्याशी वाद घालू नका. इंजिन बिघडलं, जहाजच बदललं, ठरलेल्या दर्जाची केबिन दिली नाही, तर गोष्ट वेगळी. त्या वेळी फोटो काढा, जहाजावर असतानाच लेखी कळवा आणि उत्तर जपून ठेवा. युरोपीय संघातल्या आयोजकाकडून पॅकेज घेतलं असेल, तर तिथला पॅकेज-प्रवासाचा कायदा तुमच्या बाजूने असतो. भारतातल्या एजंटकडून घेतलं असेल, तर दाद इथल्या ग्राहक आयोगाकडे. म्हणून पैसे नेमके कोणाच्या खात्यात गेले, हे पहिल्या दिवसापासून माहीत असू द्या.

१९. आम्ही तीस-पस्तीस जण आहोत. अख्खं जहाज घेता येईल का?

येतं, आणि माणशी खर्च फारसा वाढत नाही. मार्ग काही प्रमाणात आपल्या मनासारखा ठरवता येतो, जेवणाच्या वेळा बदलता येतात, स्वयंपाक्याला आठवडाभर शाकाहारीच करायला सांगता येतं. स्वतःचा आचारी नेण्याबद्दल बरेच जण विचारतात. ते मालकावर अवलंबून आहे आणि आधी लेखी ठरवावं लागतं. जहाज वर्षभर आधी धरा. जुलै-सप्टेंबरचे आठवडे आधी जातात.

२०. घरात जुन्या कुना नोटा आहेत. चालतील का?

दुकानात नाही. 2023 पासून चलन युरो आहे. कुनाच्या नोटा क्रोएशियाच्या मध्यवर्ती बँकेत बदलून मिळतात, नाण्यांची मुदत 2025 अखेर संपली. बेटांवर थोडी रोकड जवळ असू द्या, छोट्या होड्या आणि बाजारातल्या बायका कार्ड घेत नाहीत.

२१. रात्री गावात उशीर झाला आणि जहाज सुटलं तर?

रात्री जहाज सुटत नाही, सुटतं ते पहाटे. पण रात्रीत जागा बदलू शकतं. आतलं जहाज लवकर निघणार असेल तर बाहेरच्यांना सोडून पुन्हा बांधतात, आणि सोडलं होतं तिथे तुमचं जहाज दिसत नाही. गावात उतरतानाच जहाजाच्या नावाचा फोटो काढा, कप्तानाचा किंवा टूर मॅनेजरचा क्रमांक फोनमध्ये ठेवा आणि सुटायची वेळ फळ्यावर वाचून जा. खरोखरच सुटलं, तर आधी त्या क्रमांकावर फोन करा, मग पुढच्या बंदराला जाणारी फेरी बोट पाहा. बेटांवरच्या फेऱ्या मुख्यतः याद्रोलिनिया या बोट कंपनीच्या असतात, पण पुष्कळशा थेट दुसऱ्या बेटाला न जाता मुख्य किनाऱ्याला जातात. तेव्हा स्प्लिटला परत येऊन पुढे जावं लागू शकतं. तो खर्च तुमचा. उतरताना पासपोर्टची प्रत आणि बँकेचं कार्ड अंगावर असू द्या. मूळ पासपोर्ट बऱ्याच जहाजांवर नोंदणीसाठी कप्तानाकडे ठेवलेला असतो.